हाफ मॅरेथॉननंतर पोटऱ्या आखडल्या आहेत, डीप टिश्यू मसाज (स्नायूंच्या खोल थरांपर्यंत जोर देऊन केलेला) लगेच घ्यावा का?
लगेच नको. २१ किलोमीटर धावल्यावर स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा झालेली असते आणि ठणका साधारण २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त जाणवतो. त्यातच कोणी कोपराने रगडलं तर दुखणं वाढायचं. पहिले दोन दिवस हलक्या हाताने तेल चोळा, थोडं चाला. जोरकस मसाज तिसऱ्या-चौथ्या दिवशी, तोही जाणकार फिजिओकडून. दाबताना श्वास रोखावा लागला तर संकोच न करता थांबवा. मसाजने लॅक्टिक अ‍ॅसिड, म्हणजे जोरात धावताना स्नायूंत तयार होणारं आम्ल, निघतं असं सगळे सांगतात, पण ते तास-दीड तासात आपोआप ओसरलेलं असतं. आणि कळकळीने सांगतो, एकच पोटरी सुजून गरम लागत असेल तर कोणालाही चोळू देऊ नका. रक्ताची गुठळी असू शकते, आधी डॉक्टरांना दाखवा.