आधी तो टॉवेल काढा

"मुलगा नववीत आहे, शाळेच्या बॅन्डमध्ये ट्रम्पेट वाजवतो. १५ ऑगस्टच्या संचलनात त्याचा एक सूर फाटला. तेव्हापासून सोसायटीतली मुलं लिफ्टमध्ये त्याची नक्कल करतात, 'वरातवाला' म्हणतात. अहो, तो काही लग्नातला बॅन्डवाला नाही! त्या मुलांच्या आयांशी बोलू, की त्याला बॅन्डच सोडायला सांगू?"
– घोडबंदर रोडवरची एक आई

दोन्ही नको. तुमच्या पत्रात पाऊण जागा लिफ्टमधल्या पोरांनी खाल्लीय. मला मात्र तुम्ही कंसात टाकलेलं एक वाक्य सोडवेना: 'घरी दार लावून, भोंग्यात टॉवेल कोंबून सराव करतो, कुणाला त्रास नको म्हणून.'

हा टॉवेल त्याला कोणी दिला, ताई?

त्याचा सूर कुठे फाटला ते सांगते. मैदानात नाही, तुमच्या बेडरूममध्ये. भोंगा बोळ्याने बंद केला की हवेला मोकळी वाट राहत नाही, दाब उलटा येतो. मग पोरगं माउथपीस ओठांवर दाबून सूर ओढून काढतं. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून फुंकतंही निम्म्याच श्वासाने. त्यात टॉवेलमुळे सूर जागेवरून सरकतात, म्हणजे कानही बिघडतो. संचलनात टॉवेल नसतो आणि शेजारी साइड ड्रम कडकडत असतात. तिथे तो एकदम जोर लावतो, दाबून दमलेले ओठ थरथरायचे थांबतात, सूर फाटतो. सरावानंतर त्याच्या वरच्या ओठावर लाल गोल वळ दिसतो का, ते बघा.

टॉवेल आजच काढा. संध्याकाळी सहा ते साडेसहा, खिडकी उघडी. रात्रभर ट्रकचे हॉर्न पचवणारी सोसायटी अर्ध्या तासाच्या ट्रम्पेटने आजारी पडणार नाही. आधी चूळ भरायची, नाहीतर वडापावचा चुरा नळीत जातो. प्रत्येक व्हॉल्व्हला, म्हणजे बोटाने दाबायच्या कळीला, तेलाचे दोन-तीन थेंब. मग एकही व्हॉल्व्ह न दाबता लांब सूर: आठ मोजेपर्यंत, हळू सुरू करून मोठा करत न्यायचा. जितका वेळ वाजवलं, तितकाच वेळ ओठांना विश्रांती. ओठ झोंबले की त्या दिवशी बंद.

आठवड्याभराने संचलनाच्या चालीने चालत वाजवू दे. संचलनातलं 'तेज चल' म्हणजे मिनिटाला १२० पावलं, सेकंदाला दोन. टाच आपटली की हादरा थेट माउथपीसपर्यंत जातो आणि दातांवर ओठ चेपतो. गुडघा सैल ठेवून टाचेकडून बोटांकडे पाऊल लोळवायला हवं. हे पंधरा दिवसांत येत नाही. वेळ द्या.

आणि 'लग्नातला बॅन्डवाला नाही' हे त्याच्यासमोर पुन्हा बोलू नका. मे महिन्याच्या उकाड्यात, जाड कोट घालून, खड्ड्यांतून चालत तासन्‌तास वाजवणाऱ्याच्या ओठांत किती ताकद असते, ते तुमच्या मुलाला आता चांगलं कळतं. त्या शब्दाची तुम्हालाच लाज वाटते. पोरांना ते बरोबर दिसलं, म्हणून ती तिथेच टोचतात.

लिफ्टमध्ये पुन्हा कुणी नक्कल केली, तर मुलाने ट्रम्पेट त्याच्या हातात द्यावा. ओठ थरथरवता येत नसतील तर नुसती हवा जाते, फुस्स. नंतर माउथपीस साबणाने धुवायचा, एवढं लक्षात ठेवा.