लेहला सायकलवर: मनालीकडून की श्रीनगरकडून?

प्रश्न: आम्ही दोघी पुण्याच्या, सिंहगड सायकलने नेहमी चढतो. यंदा लेहला जायचंय, कुठून निघू?

उत्तर: पहिल्यांदाच जाताय ना, मग डोळे झाकून श्रीनगरवरून निघा. सिंहगड चढता म्हणजे पायांत दम आहेच, खरी अडचण विरळ हवेची आहे. तिकडून झोजिला खिंड साधारण 3,500 मीटर, फोटूला खिंड 4,100, आणि मध्ये द्रास, कारगिल अशी मुक्कामाची गावं बऱ्यापैकी खाली, त्यामुळे शरीराला हळूहळू सवय होते. मनालीकडून बारालाचा खिंड ओलांडली की सरचू काय, पांग काय, झोपायचं 4,200च्या वरच, रात्रभर धड झोप नाही आणि सकाळी डोकं ठणकत असताना गाटा लूप्सची 21 वळणं समोर उभी! पुढे टांगलांगला खिंड तर 5,300 मीटर. नजारे मनालीकडचे भारी आहेत हे मान्य, पण ते पुढच्या वेळी.

झोजिलावर ट्रकची धूळ लय खावी लागते, तोंडाला बफ (गळ्यातून तोंडावर ओढायचं नळीसारखं कापड) हवाच. ब्रेक पॅडचा जादा सेट घ्या, उतारावर भसाभस झिजतात. आणि डोकेदुखी वाढत चालली किंवा उलट्या सुरू झाल्या तर गोळी खाऊन पुढे रेटायचं नाही, सरळ खाली उतरायचं.