वाचकांचे प्रश्न: खेळणं थांबल्यावर कोच व्हायचंय

प्रश्न: माझी मुलगी विद्यापीठाच्या टीममधून बास्केटबॉल खेळते, पॉइंट गार्ड आहे, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ रचणारी, उंची बेताचीच. पुढे कोच व्हायचं म्हणते. घरचे म्हणतात चांगलं खेळता आलं म्हणजे शिकवता येतं असं नाही. अमेरिकेत कॉलेजच्या टीमला जुने खेळाडू कोच असतात ना, त्यांचं कसं जमतं? (एक आई, सांगली)

उत्तर: ताई, कमी उंचीची पॉइंट गार्ड म्हटल्यावर मला लगेच डॉन स्टेली आठवली. उंची 5 फूट 6 इंच, फिलाडेल्फियातल्या सरकारी घरांच्या वस्तीत वाढलेली. व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीकडून खेळताना 1990, 1991, 1992 अशी सलग 3 वर्षं तिची टीम फायनल फोरला पोचली, म्हणजे देशातल्या शेवटच्या 4 टीममध्ये, पण चॅम्पियनशिप एकदाही मिळाली नाही. 1991 ची फायनल तर ओव्हरटाइममध्ये 70-67 अशी गेली, आणि हरलेल्या टीममध्ये असूनही बेस्ट प्लेअर तीच ठरली. नंतर ऑलिंपिकची 3 सुवर्णपदकं मिळवली तरी कॉलेजचं ते राहिलेलं राहिलंच.

2000 साली टेम्पल युनिव्हर्सिटीने हेड कोच होशील का विचारलं तेव्हा तिला कोचिंगचा काहीच अनुभव नव्हता. तिने हो म्हटलं आणि खेळणंही सोडलं नाही, कारण कॉलेजचा सीझन हिवाळ्यात असतो आणि तिकडची व्यावसायिक लीग, डब्ल्यूएनबीए, उन्हाळ्यात, त्यामुळे थंडीत पोरींना शिकवायचं आणि उन्हाळ्यात स्वतः बूट घालून उतरायचं असं 2006 पर्यंत चाललं. मला तिची ही वर्षं सगळ्यात मोलाची वाटतात. आज मुलींना सांगितलेलं डिफेन्स उद्या स्वतःला करावं लागतंय म्हटल्यावर माणूस तोंडाला येईल ते सांगत नाही. टेम्पलमध्ये 8 वर्षांत 172 मॅच जिंकल्या, 80 हरल्या.

मग 2008 मध्ये साउथ कॅरोलायना युनिव्हर्सिटीची कोच झाली, आणि हे तुमच्या घरच्यांना नक्की सांगा, पहिल्याच सीझनला 10 विजय आणि 18 पराभव. तीन ऑलिंपिक गोल्डवाली बाई आणि टीम हरतेय! पण तिकडे कॉलेज कोचचं अर्धं काम मैदानाबाहेर असतं. शाळेतल्या मुली हेरायच्या, त्यांच्या घरी जायचं, आईवडिलांशी बोलायचं, माझ्याकडे पाठवा म्हणायचं. एजा विल्सन ही युनिव्हर्सिटीच्या जवळच राहणारी मुलगी, तिच्यामागे देशातली सगळी मोठी कॉलेजं होती, ती डॉनकडे आली आणि 2017 ला पहिली चॅम्पियनशिप मिळाली. म्हणजे 9 सीझन लागले. मग 2022 आणि 2024, त्यात 2024 ला 38 पैकी 38 मॅच जिंकल्या. तेव्हा मुलीला कोच होऊ द्या, फक्त आत्तापासून शाळेतल्या पोरींना शिकवायला लावा, तिचं तिलाच कळेल जमतंय का.

प्रश्न: पॅट्रिक युइंग एवढा मोठा बास्केटबॉल खेळाडू, मग जॉर्जटाउन युनिव्हर्सिटीला कोच म्हणून का फसला? (एक वाचक, पुणे)

उत्तर: दादा, हे लिहिताना वाईट वाटतं, कारण तो माझा आवडता खेळाडू. 1984 ला जॉर्जटाउनला चॅम्पियन करणारा 7 फुटी सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, नंतर एनबीएमध्ये, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक लीगमध्ये, 15 च्या आसपास वर्षं असिस्टंट कोच, म्हणजे खेळ समजत नव्हता असं कोणी म्हणूच शकत नाही. 2017 ला आपल्याच कॉलेजात परत आला. 2021 मध्ये बिग ईस्ट या कॉन्फरन्सची, म्हणजे जॉर्जटाउन ज्या कॉलेजांच्या गटात खेळतं त्याची, टूर्नामेंट जिंकलीसुद्धा, आणि पुढच्याच वर्षी त्याच कॉन्फरन्समध्ये 19 पैकी 19 मॅच हरला. 2023 ला काढलं तेव्हा हिशोब 75 विजय, 109 पराभव. माझं मत असं की एनबीएत तयार खेळाडू हातात येतात, कॉलेजात 18 वर्षांची पोरं आणायचीही आणि टिकवायचीही, आणि 2021 पासून पोरांना एक वर्ष न थांबता कॉलेज बदलता येतं, त्यामुळे दरवर्षी टीम नव्याने बांधावी लागते. त्याच्याकडून नेमके चांगले खेळाडू निघून जात राहिले.

प्रश्न: फायनल जिंकल्यावर शिडीवर चढून बास्केटची जाळी का कापतात? (8 वीतला विद्यार्थी, नाशिक)

उत्तर: आठवण म्हणून रे. प्रत्येक खेळाडू एकेक तुकडा कापतो, शेवटी कोच. 1999 ला पर्ड्यू युनिव्हर्सिटीची कोच कॅरोलिन पेक चॅम्पियनशिप जिंकणारी पहिली कृष्णवर्णीय महिला कोच ठरली, तिने आपल्या जाळीचा तुकडा डॉन स्टेलीला दिला होता, तू जिंकशील तोपर्यंत ठेव म्हणून. डॉन 2017 ला जिंकली, आणि नंतर तिने आपल्या जाळीचे तुकडे करून देशभरातल्या कॉलेजांच्या कृष्णवर्णीय महिला कोचना पाठवले.