दार्जिलिंग जिल्ह्यात किती लोक राहतात? ते सगळे नेपाळीच आहेत का?

नाही, सगळे नेपाळी नाहीत. आणि 'नेपाळी' म्हणजे एकच जात असंही नाही.

आधी आकडा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १८,४६,८२३ होती, पण २०१७ मध्ये कालिम्पोंग वेगळा जिल्हा झाला. ते वजा केलं तर उरतात सुमारे १६ लाख. त्यातही सिलिगुडीकडच्या सपाट भागाचा वाटा मोठा आहे. तिथे बंगाली, राजबंशी, मारवाडी, बिहारी, शिवाय चहामळ्यांसाठी आणलेले उरांव, मुंडा, संथाळ असे आदिवासी. पर्यटक जो डोंगराळ भाग बघून येतात, तो यापेक्षा अगदी निराळा.

डोंगरातले मूळचे लोक लेपचा. ते स्वतःला 'रोंग' म्हणवतात, त्यांची लिपीसुद्धा वेगळी आहे. आज मात्र ते स्वतःच्याच भूमीत अल्पसंख्य आहेत. १८३५ मध्ये सिक्कीमच्या राजाकडून इंग्रजांनी ही जागा घेतली, पुढे मळे उभे राहिले आणि पूर्व नेपाळमधून मजूर आले: राई, लिंबू, तामांग, गुरुंग, मगर, नेवार, छेत्री, कामी, दमाई. यांतल्या बऱ्याच जणांची स्वतःची भाषा होती, पण मळ्यात सगळ्यांना जोडणारी नेपाळीच घरातही शिरली. आज ते स्वतःला गोरखा म्हणवतात. 'नेपाळी' म्हटलं की परदेशी समजतील, ही त्यांची भीती मला रास्त वाटते.

तरी वेगळेपण टिकून आहेच. लिंबूंच्या घरी पाहुण्यापुढे तोंगबा येतो: उंच भांड्यात आंबवलेली नाचणी, वरून गरम पाणी आणि प्यायला बांबूची नळी. शिवाय शेर्पा, भूतिया आणि तिबेटी निर्वासितही आहेतच.