ग्रँट घेतली म्हणजे बोट रॅम्प हलवायलाच हवा का?

तुमच्या अमेरिकेतल्या गावात तळ्यावरचा सार्वजनिक बोट रॅम्प (ट्रेलरवरून बोट पाण्यात सोडायचा उतार) हलवायला ग्रँट मंजूर झाली, आता सिटी कौन्सिल फेरविचार करतंय, आणि 'माघार घेतली तर सगळे पैसे भरावे लागतील' अशी चर्चा आहे, असं तुम्ही लिहिलंय. इथल्या नगरपालिकांची अशी कामं बरीच वर्षं केली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

बहुतेक ग्रँटचे पैसे आधी हातात येत नाहीत. शहर खर्च करतं, बिलं पाठवतं, मग परतावा मिळतो. बांधकाम सुरूच झालं नसेल तर परत करण्यासारखं फारसं नसतं; डिझाइन आणि परमिटपोटी घेतलेली रक्कम मात्र मागितली जाऊ शकते. (निधी परत जाऊ नये म्हणून आपल्याकडे मार्चअखेर धडधाकट रस्ता उखडतात, तसा मोह इथेही होतो, फक्त सादरीकरण झकपक असतं.)

खरी मेख जुन्या रॅम्पमध्ये आहे. तो कुठल्या पैशांतून झाला, हे कुणी पाहिलंय का? लँड अँड वॉटर कॉन्झर्व्हेशन फंड हा १९६५ च्या कायद्याने आलेला, मैदानी करमणुकीच्या जागांसाठीचा केंद्र सरकारचा निधी. त्याचा पैसा त्या जागेत गेला असेल तर कलम ६(एफ) लागतं: सार्वजनिक मैदानी करमणुकीखेरीज दुसऱ्या कामाला ती जागा द्यायची तर नॅशनल पार्क सर्व्हिस या केंद्रीय खात्याची मंजुरी हवी, आणि बदल्यात निदान तेवढ्याच बाजारभावाची, तितकीच उपयोगी जमीन द्यावी लागते. पन्नास वर्षं उलटली तरी हे बंधन सुटत नाही. म्हणजे जुन्या जागी बाग होणार असेल तर बहुधा निभावेल. हॉटेल किंवा फ्लॅट होणार असतील तर अवघड आहे. म्हणून 'रॅम्प कुठे नेणार?' याआधी 'रिकाम्या जागेचं काय करणार?' हे विचारा. नकाशे दाखवताना नेमका तोच कोपरा कोरा ठेवतात.

जुना रॅम्प ज्यातून झाला असेल अशी दुसरी शक्यता डिंगेल-जॉन्सन या मत्स्यसंवर्धनाच्या केंद्रीय कायद्याच्या (१९५०) निधीची. १९८४ च्या दुरुस्तीनंतर मासेमारीच्या साहित्यावरच्या कराबरोबर मोटरबोटींच्या इंधनावरचा करही त्यात येतो, आणि राज्यांना आपल्या वाट्यातला ठरावीक हिस्सा, साधारण १५ टक्के, अशा रॅम्पसारख्या सोयींवर खर्चावा लागतो. बोटवाले 'हे आमचे पैसे' म्हणतात ते उगाच नाही. अशा पैशातून बांधलेला रॅम्प त्याचं उपयुक्त आयुष्य संपेपर्यंत त्याच कामासाठी ठेवावा लागतो.

'त्याच ग्रँटमध्ये तिसरी जागा बघू' हेही वाटतं तितकं सोपं नाही. अर्जाला गुण मिळतात ते त्या विशिष्ट जागेसाठी. मुदतवाढ तुलनेने सहज मिळते, जागाबदल क्वचितच.

नवी जागा खरंच वाईट असेल, म्हणजे वारा थेट अंगावर, गाळ साचणारा किनारा, १२ ते १५ टक्के उतार बसत नाही, ट्रेलरसकट गाडीला लागणारी चाळीसेक फुटांची पार्किंगची जागा नाही, तर फेरविचार योग्यच. शेजाऱ्यांना ट्रेलर नकोत एवढंच कारण असेल तर माझी सहानुभूती बोटवाल्यांना.

सिटी क्लार्ककडे (शहराची कागदपत्रं सांभाळणारा अधिकारी) पब्लिक रेकॉर्ड्सचा, म्हणजे आपल्या माहिती अधिकारासारखा, अर्ज करा. जुन्या रॅम्पचा ग्रँट करार आणि त्याला जोडलेला हद्दीचा नकाशा मागा. नवा करारही मागा आणि त्यातलं रद्द करण्याचं कलम आधी वाचा. मीटिंगमध्ये बोलायला दोन-तीन मिनिटंच मिळतात, तेव्हा तो नकाशा हातात घेऊन जा.