कंबरदुखीला मानसोपचार कशाला? 'गॅप', गजर आणि वेचणी

तुमचा प्रश्न असा: कापूस वेचणाऱ्या आईची कंबर 4 वर्षांपासून दुखतेय, एमआरआयमध्ये 'गॅप' निघाला, ऑपरेशनची गरज नाही म्हणाले आणि आता मानसोपचार घ्यायला सांगितलंय, म्हणजे दुखणं मनाचं का?

नाही, दुखणं खरंच आहे. पण ते 3 महिन्यांपुढे गेलं की मज्जासंस्थाच हळवी होऊन बसते, नवी इजा नसली तरी कळ येते. 'गॅप'चा, म्हणजे मणक्यांमधली गादी झिजल्याचा, धसका आधी काढा: काहीच दुखत नसलेल्या पन्नाशीतल्या 10 पैकी सुमारे 8 जणांच्या मणक्याच्या गाद्या एमआरआयमध्ये झिजलेल्या दिसतात. "वाकले तर मणका मोडेल" या भीतीनं हालचाल थांबते आणि कंबर आणखी आखडते.

सांगितलेल्या मानसोपचारात बहुतेक सीबीटी असते, म्हणजे दुखण्याबद्दलचे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारा उपचार. त्याच्या साधारण 8 ते 12 बैठका असतात. त्यातलं सगळ्यात कामाचं, वेळ बांधून काम करणं, घरीच सुरू करता येतं. 3 दिवस वेचणीत कळ वाढेपर्यंत किती मिनिटं जातात ते मोजा. समजा 20, 12, 16 आली. सरासरी 16, त्यातला पाचवा हिस्सा वजा, म्हणजे 13. मोबाईलला 13 मिनिटांचा गजर लावा. वाजला की दुखत असो-नसो, कमरेला बांधलेली कापसाची ओटी रिकामी करायला जायचं. कमरेवरचा भारही उतरतो. 5 मिनिटांनी पुन्हा. दर आठवड्याला 1 मिनिट वाढवा. वाईट दिवशी वेळ निम्मी करा, बंद नको.

फसतं ते चांगल्या दिवशी. गजर वाजतो, "एवढी पऱ्हाटी होऊ दे" म्हणत अर्धा तास जातो आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात.

घरच्यांनी दर तासाला "दुखतंय का?" विचारू नये, सगळं लक्ष तिथंच खिळतं. "आज किती मिनिटं झाली?" विचारा. श्वासाचा सराव (4 मोजत आत, 6 मोजत बाहेर, 10 मिनिटं) रोज करा. कळ आल्यावरच केला तर जमत नाही.

जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात किंवा संभाजीनगरला घाटी या सरकारी रुग्णालयात दाखवा, गोळ्यांसोबत समुपदेशनही मागा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर मोफत आहे, मराठीत बोलतात.

मात्र लघवी-संडासवरचा ताबा सुटला, बसायची जागा बधिर झाली किंवा पायातली ताकद गेली, तर हे सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.