मॉडेल एमला नवा कंट्रोलर बसवताना

भाऊ, जुन्या कीबोर्डात नवा कंट्रोलर (दाबलेलं बटण ओळखून कॉम्प्युटरला कळवणारा बोर्ड) बसवायचा तर आधी कीबोर्ड कुठला ते नीट बघ. आयबीएमचा मॉडेल एम असेल तर काम सोपं, आत साधा मेम्ब्रेन (वीज वाहणाऱ्या रेषा छापलेला प्लास्टिकचा पापुद्रा) असतो. मॉडेल एफ कपॅसिटिव्ह (बटण दाबल्यावर बदलणारी विद्युत धारिता मोजणारा), त्याच्या नादी इतक्यात लागू नको.

खोलायला 5.5 मिमीचा लांब, पातळ भिंतीचा नट ड्रायव्हर लागतो. स्क्रू खोल खड्ड्यात असतात, जाड पाना आत जात नाही.

मॅट्रिक्स (बटणांच्या आडव्या-उभ्या रेषांची जाळी) 16 बाय 8, म्हणजे कंट्रोलरवर 24 पिना लागतात. प्रो मायक्रो या छोट्या कंट्रोलर बोर्डावर 18च मिळतात, तो घेऊन फसू नको. रास्पबेरी पाय पिको या बोर्डावर 26 आहेत. उरलेल्या दोनवर नम लॉक आणि कॅप्स लॉकचे दोन एलईडी लाव, 330 ओहमच्या रेझिस्टरसकट. स्क्रोल लॉकचा दिवा सोड, कोण बघतं त्याच्याकडे!

मेम्ब्रेनमधून निघणाऱ्या रिबनला (चपट्या पट्टीला) सोल्डर अजिबात टेकवू नको. ते प्लास्टिक आहे, आयर्न लागलं की वितळलंच. जुन्या कंट्रोलर बोर्डावरची, रिबन बसतात ती दोन्ही सॉकेटं सोल्डर ओढणाऱ्या पंपाने काढ. जमत नसेल तर संभाजीनगरच्या पैठण गेटला एखाद्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडून काढून घे. पिनांमधलं अंतर 2.54 मिमी, साध्या झिरो पीसीबीवर (भोकं पाडलेल्या कोऱ्या बोर्डावर) आरामात बसतात.

बटण दाबून मल्टिमीटर लावला आणि बीप आला नाही तर लगेच मेम्ब्रेन गेला म्हणू नको. त्याच्या रेषांचा रोध जास्त असतो. ओहमवर ठेवून आकडा बघ.

मेम्ब्रेनमध्ये डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) नसतात. म्हणून मॅट्रिक्समधल्या चौकोनाच्या तीन कोपऱ्यांची बटणं एकदम दाबली की चौथं आपोआप उमटतं. क्यूएमके या कंट्रोलरमध्ये टाकायच्या कीबोर्ड सॉफ्टवेअरमध्ये ‘मॅट्रिक्स हॅज घोस्ट’ (MATRIX_HAS_GHOST) हे सेटिंग चालू कर, ती भुताटकी थांबते.